गिटारचं ढिलं झालेलं स्ट्रॅप बटण पक्कं कसं करावं

उभं राहून वाजवताना अख्ख्या इलेक्ट्रिक गिटारचा भार पट्टा अडकवायच्या दोन बटणांच्या स्क्रूंवर असतो. स्ट्रॅटोकॅस्टरसारखी गिटार साधारण साडेतीन किलोची, लेस पॉल बरेचदा चार किलोंच्या पुढे. त्यातला एक स्क्रू सुटला तर बहुतेक वेळा गिटार हेडस्टॉकवर, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असलेल्या टोकावर पडते. लेस पॉल किंवा एसजीसारख्या, हेडस्टॉक मागे कललेल्या गिटारींना तर नटच्या (नेकच्या टोकाशी तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीच्या) लगेच मागे तडा जातो. त्या दुरुस्तीपुढे बटणाची दुरुस्ती म्हणजे काहीच नाही. म्हणून बटण बोटाने हलवल्यावर जरा जरी डुगडुगलं, तरी पुढच्या वाजवण्याआधी ते बघून घ्या.

माझ्या बाबतीत सराव करताना वरचं बटण निघालं. डावा हात नेकवर होता म्हणून गिटार वाचली. बटण गेले काही आठवडे ढिलं होतं, आणि दर वेळी मी पेचकस घेऊन ते थोडं आवळत होतो. तेच चुकलं होतं. स्क्रूची पकड स्क्रूमध्ये नसते, लाकडात असते. लाकडातले आटे एकदा गेले की आवळण्याचा प्रत्येक फेरा राहिलेलं लाकूडही कुरतडून काढतो. त्यामुळे या कामाचा क्रम सरळ आहे: आधी भोक दुरुस्त करायचं, मग स्क्रू बसवायचा.

नेमकं काय ढिलं झालंय?

पट्टा काढून टाका. गिटार एखाद्या जाड टॉवेलवर किंवा गादीवर आडवी ठेवा. तारा काढायची गरज नाही, सैल करायचीही नाही. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल. आता बटण दोन बोटांत धरून तीन गोष्टी बघा.

बटण स्वतःभोवती फिरतंय, पण स्क्रू जागचा हलत नाही, असं असेल तर लाकूड बहुधा शाबूत आहे. बटण आणि बॉडी यांच्यामध्ये जो फेल्टचा वॉशर असतो तो काळाने दबून पातळ होतो आणि तेवढी फट राहते. पेचकसने हळूच आवळून बघा. अर्ध्या-एका फेऱ्यात स्क्रू अडला आणि हाताला ठाम विरोध जाणवला, तर काम झालं. वॉशर फारच चपटा झाला असेल तर नवा घाला.

स्क्रू आवळताना नुसताच गरगर फिरतो, अडतच नाही, म्हणजे भोकातले आटे गेले. ढिल्या बटणांपैकी बहुतेकांचं दुखणं हेच असतं आणि हा लेख मुख्यतः त्यासाठीच आहे.

बटणासोबत स्क्रूही आडवा हलतोय, म्हणजे भोक गोल न राहता लांबट झालंय. अशा वेळी स्क्रू बाहेर काढून सपाट टेबलावर लोळवून बघा. तो डगमगत लोळला तर वाकलेला आहे. वाकलेला स्क्रू सरळ करून वापरू नका. वाकल्या जागी पोलाद थकलेलं असतं आणि पुढे एक दिवस तो तिथेच तुटतो.

बटणाभोवतीच्या रंगाकडेही नीट बघा. बटणाच्या बुडाला नुसता गोलाकार ठसा असेल तर चिंता नाही, तो वॉशरच्या दाबाचा असतो. पण भोकातून निघून लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाणारी बारीक रेघ दिसली, तर ती लाकडाची फट असू शकते. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने हलका दाब देऊन ती उघडते-मिटते का पाहा. उघडत असेल तर आधी त्या फटीत गोंद जिरवून शिकंजा लावावा लागतो. तसं काम मी पहिल्यांदा करणाऱ्याला सुचवणार नाही, गिटार दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे द्यावी.

लाकूड पकड का सोडतं

हे समजलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं. बहुतेक सॉलिड बॉडी गिटारींमध्ये लाकडाचे रेषे नेकच्या दिशेने, म्हणजे लांबीत धावतात. खालच्या टोकाचं बटण त्यामुळे लाकडाच्या कापलेल्या तोंडावर येतं आणि स्क्रू रेषांच्या मधून, त्यांना समांतर आत शिरतो. काड्यांची एक घट्ट जुडी डोळ्यांपुढे आणा. तिच्या तोंडातून काड्यांच्या मधे खिळा खुपसला तर तो सहज ओढून निघतो. तोच खिळा कुशीतून, काड्यांना छेदत आडवा घातला तर काड्या त्याला धरून ठेवतात. खालच्या बटणाला ही आडवी पकड मिळतच नाही. स्ट्रॅटसारख्या गिटारच्या वरच्या शिंगावरही (बॉडीचं नेकच्या बाजूला निघालेलं टोक, जिथे वरचं बटण असतं) थोडाफार हाच प्रकार असतो.

त्यात भर लांबीची. बटणाचा स्क्रू साधारण २५ मिमीचा असतो, पण त्यातला बराचसा भाग बटणाच्या पोटातच राहतो. स्क्रू बटणात आणि वॉशरमध्ये घालून खालून बाहेर येणारी लांबी मोजून बघा. लाकडात प्रत्यक्ष १५ मिमीच्या आसपासच जात असतो. एवढ्याशा पकडीवर तीन-चार किलो वजन, तेही स्थिर नाही. चालताना, वाकताना, गिटार पाठीवर फिरवताना त्याला आडवे झटके बसतात. बासवुड किंवा पॉपलरसारख्या मऊ लाकडात हे लवकर होतं, मेपल किंवा ॲशमध्ये उशिरा.

आणखी एक कारण सहसा लक्षात येत नाही. जाड चामड्याच्या पट्ट्याचं भोक बटणावर घट्ट बसत असेल, तर आपण हललो की पट्टा बटणाला घेऊनच वळतो. त्या वळण्याने स्क्रू दर वेळी किंचित उलटा फिरतो. बटण वारंवार ढिलं होत असेल आणि भोक मात्र ठीक असेल, तर आधी पट्टा तपासा.

काय लागेल

फिलिप्स क्रमांक २ चा पेचकस, तोही टोक न झिजलेला. लाकूडकामाचा पांढरा किंवा पिवळा गोंद. लाकडी टूथपिक किंवा गुल काढलेल्या आगकाड्या. मास्किंग टेप, ओला फडका, धारदार कटर, थोडं मेण. साधी मेणबत्तीही चालते. ड्रिल, २.५ आणि ३ मिमीचे बिट. मोठी दुरुस्ती करायची असेल तर ८ मिमीचा बिट आणि सागवानापेक्षा मऊ नसलेल्या लाकडाची ८ मिमीची गोल दांडी. बर्च, बीच किंवा मेपलची दांडी उत्तम.

टूथपिकबद्दल एक सूचना. बांबूच्या टूथपिक टाळा. त्या कडक आणि गुळगुळीत असतात, गोंद त्यांच्यात नीट मुरत नाही आणि स्क्रू त्यांना कापण्याऐवजी बाजूला ढकलतो. आगकाडीचं लाकूड मऊ असलं तरी ते गोंद छान पितं आणि स्क्रूने दाबलं की भोकाचा आकार घेतं.

स्क्रू काढणं

पेचकस स्क्रूच्या डोक्यात सरळ आणि पूर्ण टेकवा, खाली दाब देत फिरवा. डोक्यातली फुली एकदा झिजली तर पुढचं सगळंच अवघड होतं. स्क्रू गरगर फिरतोय पण बाहेर येत नाही, असं असेल तर बटणाखाली दोन्ही बाजूंनी बोटांची नखं घालून बटण किंचित वर ओढत पेचकस फिरवा. चाकू किंवा पेचकसाने बटण उचकटू नका, पहिला ओरखडा रंगावरच उमटतो.

निघालेला स्क्रू नीट बघा. आट्यांमध्ये लाकडाचा भुसा अडकलेला दिसला, तर भोकातले आटे कुठे गेले याचं उत्तर मिळालं. भोकातही उजेड टाकून बघा. भुसा, जुना गोंद, कुणीतरी आधी घातलेल्या काड्या, सगळं दाभणाने किंवा टाचणीने कोरून बाहेर काढा, फुंकर मारून भोक मोकळं करा. नवा गोंद जुन्या वाळलेल्या गोंदाला धड चिकटत नाही. त्याला कच्चं लाकूड लागतं.

भोक किती गेलंय यावर पुढची वाट ठरते. स्क्रू हाताने भोकात ठेवल्यावर थोडा अडून उभा राहत असेल, तर काड्या आणि गोंद पुरतील. स्क्रू भोकात नुसता पडत असेल, भोक लांबट झालं असेल, किंवा काड्यांची दुरुस्ती आधी एकदा करून झाली असेल, तर त्या गोल दांडीची खुंटी बसवा.

दुरुस्ती पहिली: काड्या आणि गोंद

ही दुरुस्ती साधी आहे म्हणून तिला तात्पुरती समजण्याचं कारण नाही. नीट केली तर ती वर्षानुवर्षं टिकते. बिघडते ती दोन कारणांनी: काड्या कमी घातल्या जातात आणि गोंद वाळायच्या आत स्क्रू पिळला जातो.

भोकाभोवती मास्किंग टेपची चौकट लावा. टेप फार चिकट नको. जुन्या गिटारींवरच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरवर कोणतीही टेप तासाभराहून जास्त ठेवू नका, ती लॅकर सोबत घेऊन निघू शकते.

आधी कोरड्या काड्या घालून बघा. भोकात किती मावतात आणि कितव्या काडीला घट्ट होतं ते मोजा. साधारण दोन-तीन टूथपिक लागतात. टूथपिकची टोकं निमुळती असतात, म्हणून काही टोकाकडून आणि काही मधल्या जाड भागाकडून घाला, म्हणजे भोक तळापर्यंत भरतं. सगळ्या टोकाकडूनच घातल्या तर वर घट्ट आणि आत पोकळ राहतं. मग स्क्रू पहिले दोन आटे छान धरतो आणि पुढे हवेत फिरतो.

जमलं की काड्या बाहेर काढा. भोकाच्या भिंतींना गोंद लावा, एका काडीने आतून फिरवून. गोंद सरळ बाटलीतून ओतला की हवा अडकते आणि तो तळापर्यंत उतरत नाही. काड्याही गोंदात बुडवून एकेक करून आत दाबा. शेवटची काडी हलक्या हातोडीने ठोकून बसावी इतकी घट्ट हवी. पण जोर करू नका, वरच्या शिंगाचं लाकूड अरुंद असतं, फार पाचर मारली तर ते फाटू शकतं. वर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा.

आता थांबायचं. या गोंदाला पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. काही जण ओल्या गोंदातच स्क्रू पिळतात, म्हणजे काड्या भिंतीला दाबल्या जातात. त्यात तथ्य आहे, पण मग स्क्रूलाही गोंद लागतो आणि पोलादाला गंज चढतो. मी दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघतो. वाळल्यावर बाहेर आलेल्या काड्या कटरने भोकाच्या तोंडाशी कापा. कटर आपल्या बाजूला न ओढता, पातं भोकाच्या मध्याकडे ठेवून कापा. त्यानंतर मध्यभागी दाभणाने खूण करा आणि बारीक भोक पाडा. त्या भोकाच्या मापाचं पुढे सांगतो, तीच बाब दोन्ही दुरुस्त्यांना लागू आहे.

दुरुस्ती दुसरी: लाकडी खुंटी

हे काम हाताळायला थोडं धैर्य लागतं, कारण चांगल्या गिटारमध्ये मुद्दाम मोठं भोक पाडायचं असतं. पण भोक पुरतं गेलं असेल तर हाच उपाय खरा. बटणाचं बूड १२ ते १५ मिमी रुंद असतं, त्यामुळे ८ मिमीची खुंटी त्याच्याखाली पूर्ण झाकली जाते. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. शिंग फार निमुळतं असेल तर ६ मिमीवर भागवा.

पहिली अडचण ड्रिलची. लाकडाचा चांगला बिट मधल्या अणकुचीदार टोकावर स्वतःला सावरतो, आणि इथे नेमकं तिथेच भोक आहे. टोकाला धरायला काही मिळालं नाही तर बिट नाचतो आणि रंगाचे टवके उडतात. म्हणून आधी जुनं भोक वर सांगितल्याप्रमाणे काड्या आणि गोंदाने भरून एक रात्र वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दाभणाने मध्याची खूण करा. जुनं भोक लांबट झालं असेल तर त्याचा मध्य म्हणजे बटणाचा मध्य नव्हे. वॉशरच्या ठशावरून खरा मध्य काढा.

बिटवर टेपची पट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. लाकडात जाणाऱ्या स्क्रूच्या लांबीपेक्षा ५ मिमी जास्त खोल पुरे, म्हणजे बहुधा २० ते २५ मिमी. आधी मागचं झाकण उघडून वायरिंगची पोकळी किती दूर आहे तेही बघा.

ड्रिल सुरुवातीला उलट्या दिशेने, हळू फिरवा. उलटा फिरणारा बिट रंगाला कापत नाही, घासून गोल खाच पाडतो. रंग पार होऊन लाकूड दिसलं की दिशा सरळ करा. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण या कामात गिटारचं दिसण्याजोगं नुकसान होतं ते इथेच, पहिल्या दोन सेकंदांत. ड्रिल बॉडीच्या कडेला काटकोनात आहे की नाही हे एकट्याला दोन्ही बाजूंनी दिसत नाही. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला बाजूला उभं करून तिरकेपणा सांगायला लावा.

खुंटी भोकाच्या खोलीपेक्षा अर्धा मिमी कमी लांबीची कापून घ्या. मग ती बसवल्यावर वर करवत चालवावी लागत नाही आणि रंग सुरक्षित राहतो. खुंटीचं खालचं टोक पॉलिश पेपरने थोडं निमुळतं करा. तिच्या अंगावर लांबीत एक-दोन बारीक खाचा पाडा. हे विसरू नका. बंद भोकात गच्च खुंटी ठोकली की तळाचा गोंद पिचकारीच्या दट्ट्यासारखा दाबला जातो, आणि त्या दाबाने लाकूड चिरू शकतं. खाचेतून हवा आणि जादा गोंद वर येतो.

भोकाच्या भिंतींना गोंद, खुंटीलाही पातळ हात, आणि लाकडाच्या ठोकळ्याने हळू ठोकत ती आत बसवा. अंगठ्याने दाबल्यावर अर्धी आत जाईल आणि पुढे हलके ठोके लागतील, इतपत मापाची खुंटी हवी. आपोआप आत पडणारी नको, घण लागणारीही नको. पुसा, टेप काढा, २४ तास ठेवून द्या.

काही जणांचा आक्षेप असा की दांडीतही रेषे लांबीतच असतात, मग स्क्रू पुन्हा रेषांना समांतरच जाणार. बरोबर आहे. पण बासवुडच्या तोंडापेक्षा बीच किंवा मेपलचं तोंड बरंच घट्ट पकडतं, आणि खुंटी स्वतः गोंदाने सगळ्या बाजूंनी धरलेली असते. व्यवहारात तेवढं पुरतं.

बारीक भोक आणि त्याचं माप

नव्या लाकडात स्क्रू सरळ पिळायचा नाही. आधी त्याच्यासाठी वाट करायची. वाट किती रुंद? स्क्रू उजेडासमोर धरा आणि त्याच्यापुढे बिट धरा. बिटने स्क्रूचा मधला दांडा झाकला पाहिजे, पण दोन्ही बाजूंनी आट्यांच्या कडा दिसत राहिल्या पाहिजेत. हे डोळ्याचं माप कोणत्याही तक्त्यापेक्षा भरवशाचं.

आकड्यांतच हवं असेल तर सहा नंबरचा स्क्रू आट्यांवरून ३.५ मिमी भरतो, त्याला कठीण लाकडात २.५ मिमीचा बिट. आठ नंबरचा ४.२ मिमी भरतो, त्याला ३ मिमीचा. मऊ लाकडात दोन्हीकडे अर्धा मिमी कमी घ्या. भोक फार लहान ठेवलं तर स्क्रू पाचरीसारखा लाकूड फाडतो किंवा मेपलमध्ये मधेच मोडतो. फार मोठं ठेवलं तर पुन्हा पहिल्या जागी आलो.

भोक पाडल्यावर तोंडाशी मोठ्या बिटने हाताने दोन वेढे देऊन कड हलकीशी तासा. स्क्रू आत जाताना तोंडाजवळचं लाकूड वर उचलतो. कड तासलेली असली की ते उचललेलं लाकूड वॉशरला किंवा रंगाला ढकलत नाही.

स्क्रू बसवणं

आट्यांवर मेण घासा. मेणाने स्क्रू सहज आत जातो, डोकं झिजत नाही. साबण लावायची जुनी सवय अनेकांना आहे, पण साबण हवेतली ओल ओढतो आणि स्क्रू गंजतो.

क्रम असा: स्क्रू बटणातून, मग वॉशर, मग लाकूड. वॉशरशिवाय धातूचं बटण थेट रंगावर आवळू नका. पेचकस हातातच धरा, ड्रिलने स्क्रू पिळू नका. यंत्राला लाकूड कधी सुटलं ते कळत नाही, मनगटाला कळतं. वॉशर दबला, बटण बोटांनी फिरेनासं झालं की थांबा. त्यापुढचा ‘अजून एक फेरा’ हाच आटे घालवणारा फेरा असतो.

स्क्रू पुढे कधीही काढून परत बसवायचा झाला तर तो आधी उलटा फिरवा. एका क्षणी हलकासा टक् जाणवतो, स्क्रू जुन्या आट्याच्या तोंडाशी खाली उतरतो. तिथून सरळ फिरवला की तो जुन्याच वाटेने जातो, नवे आटे कापत नाही. ही सवय गिटारच्या प्रत्येक लाकडी स्क्रूसाठी, अगदी पिकगार्डच्या बारीक स्क्रूंसाठीही लावून घ्या.

लांब स्क्रू, सुपर ग्लू आणि बाकीच्या वाटा

तळाशी कोरं लाकूड शिल्लक असतं, म्हणून थोडा लांब स्क्रू हा चांगला उपाय आहे. २५ मिमीऐवजी ३२ मिमीचा घेतला तर लाकडातली पकड जवळजवळ दीडपट होते. पुढचं बारीक भोक मात्र पाडून घ्या. जाड स्क्रूबाबत मी सावध असतो. आठ नंबरच्या पुढे गेलात तर डोकं बटणाच्या खोलगट जागेत बसत नाही, वर राहतं आणि पट्टा त्यावर घासतो.

पातळ सुपर ग्लू भोकात जिरवून लाकूड कडक करता येतं. भोक किंचितच ढिलं असेल तर ते चालतं: दोन थेंब, पूर्ण रात्र वाळणं, मग स्क्रू. पण एक थेंब रंगावर ओघळला तर लॅकर कायमचं खराब होतं, आणि वाफा डोळ्यांना झोंबतात, तेव्हा खिडकी उघडी ठेवा. ओल्या सुपर ग्लूमध्ये स्क्रू पिळणं, किंवा स्क्रूच एपॉक्सीत बसवणं, हे करू नका. मी एकदा केलंय. पुढे बटण बदलायचं ठरलं तेव्हा स्क्रूचं डोकं तुटलं आणि उरलेला दांडा काढायला अख्खी दुपार गेली.

दांडा आत मोडलाच तर त्याच्याभोवती पोकळ नळीचा बिट वापरून लाकडासकट तो गाभा काढतात. मग राहिलेलं भोक खुंटीने भरायचं. साध्या बिटने पोलादी दांड्यावर ड्रिल चालवू नका, बिट घसरून बाजूचं मऊ लाकूड खातो.

काही गिटारी वेगळ्या

एसजीवर वरचं बटण मागे, नेकच्या सांध्याजवळ असतं. तिथे लांब स्क्रू घालताना खोली दोनदा मोजा. गिब्सन ईएस-३३५ प्रकारच्या सेमी-हॉलो (अर्धवट पोकळ) गिटारींत मधे लाकडी ठोकळा असतो आणि खालचं बटण त्यातच जातं, तिथे वरच्या सगळ्या पायऱ्या चालतात. पूर्ण पोकळ गिटारवर झोपाळ्यासारखा टेलपीस (तारांची खालची टोकं धरणारा धातूचा भाग) असेल, तर खालचा स्क्रू बरेचदा त्या टेलपीसलाही धरून असतो. त्याला हात लावण्याआधी तारा पूर्ण सैल करा, नाहीतर ताण सुटून टेलपीस बॉडीवर उडेल. अकूस्टिकच्या खालच्या टोकाला स्क्रूऐवजी निमुळती खुंटी असू शकते किंवा जॅक. ते काम वेगळं आहे.

पट्ट्याची कुलपं बसवणार असाल तर

शालर किंवा डनलॉपची कुलपं पट्टा बटणावरून निसटू देत नाहीत. पण बटणच लाकडातून निसटणार असेल तर कुलूप काय करणार? म्हणून आधी भोक पक्कं करा, मग कुलूप. कुलपाच्या बटणासोबत येणारा स्क्रू तुमच्या जुन्या भोकापेक्षा बारीक असेल तर तो धरणारच नाही, जाड असेल तर लाकूड फाडेल. दोन्ही स्क्रू शेजारी धरून बघा. आणि स्क्रूचं डोकं बटणाच्या खोबणीत पूर्ण खाली बसलंय याची खात्री करा. ते केसभर जरी वर राहिलं, तरी कुलूप अर्धवट लागतं. पट्ट्यावर कुलूप धरणारा नटही अधूनमधून तपासावा लागतो, तो सुटून पडण्याचे प्रसंग बरेच.

शेवटची परीक्षा

बटण बोटांनी चारही दिशांना ढकला. काही हलता कामा नये. मग गिटार गादीच्या वर धरून पट्टा अडकवा, एक हात नेकखाली ठेवा आणि दुसऱ्या हाताने बॉडी खाली दाबा, गिटारच्या वजनाच्या साधारण दुप्पट जोराने. लाकडातून करकर ऐकू आली किंवा वॉशरखाली फट दिसली, तर स्क्रू काढून पुन्हा भोकाकडे जा. काही झालं नाही तर खुशाल उभं राहून वाजवा. दोन आठवड्यांनी मात्र एकदा पेचकस लावून बघा. नवा वॉशर तेवढ्यात दबलेला असतो आणि पाव फेरा मागतो.